मोडलेली वाट आणि तिसरी दिवाळी

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात. तुमच्या त्या डोंगराकडे जाणारा रस्ता बर्फामुळे बंद झालाय, आता तो थेट उन्हाळ्यात उघडणार. रेवा म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं. इथे प्रत्येक गोष्ट आधी बघून ठरवावी लागते. कुठली वाट उघडी, कुठली बंद, कुठे जायला परवानगी लागते." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. कर्जतच्या या घराच्या मागच्या खिडकीतून आत्ता डोंगरावरचं गवत दिसतंय. दसरा झालाय. गवताचा हिरवा रंग जाऊन तांबूस झाक आली आहे, म्हणजे वाटा उघडण्याचे दिवस आले. तुमच्याहून वयाने जरा मोठी होते, तेव्हा मी हेच करत होते. बर्फ तेवढा नव्हता. म्हणून आज हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडचं वर्ष डोंगर चढणाऱ्याला चारही बाजूंनी बंद असे. जूनमध्ये पाऊस लागला की पहिल्यांदा एसटी आखडायची. आतल्या गावांना जाणारी गाडी नदीवरच्या फरशीपर्यंत यायची आणि फरशीवर पाणी चढलं की तेवढीही नाही. फरशी म्हणजे नदीच्या पात्रातून बांधलेला बुटका पूल; पुराला अडवण्याऐवजी तो मुकाट्याने पाण्याखाली जातो. त्यानंतर भातलावणी. त्या दिवसांत शेताच्या बांधावरून परक्या माणसाने चालायचं नाही, ओला बांध पायाखाली खचतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. श्रावणात धुकं. भाद्रपदात गवत छातीला लागायचं आणि त्यात पायवाट कुठे आहे हे गुरांनासुद्धा कळायचं नाही. पाऊस गेला की गवताच्या मालकांची कुरणं राखीव. कापणी होऊन मुंबईच्या तबेल्यांकडे गवत रवाना होईपर्यंत ते कुणाला पाऊल टाकू देत नसत. मग थंडीचे दोन महिने मोकळे. फाल्गुनात वणवे. चैत्रात वरच्या झऱ्यांना पाणी नाही. आणि निसर्गाने जिथे फट ठेवली असेल तिथे शाळेची परीक्षा.

या सगळ्याच्या वर आणखी एक कायमची बंदी होती, ती म्हणजे "बायकांनी कशाला जायचं?" ती मात्र बारमाही होती, त्यामुळे हिशेबात धरायची गरज नव्हती.

मी त्या वेळी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा खोपोलीच्या वीजघरात कामाला होते आणि तुमचे बाबा जेमतेम चालायला शिकले होते. साठचं दशक चालू होतं. माझ्या पुण्याच्या कॉलेजात आम्ही मुली सिंहगडावर जात असू, त्यामुळे डोंगर समोर दिसतो आणि आपण त्यावर जात नाही, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. शिवण शिकवणाऱ्या कुसुमताई माझ्या जोडीला होत्या. अविवाहित, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, जाडजूड, आणि जिभेला तिखट. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रंगीत पेन्सिलीने वर्ष आखायची. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे गवत, लाल म्हणजे वणवा. कुसुमताई ते बघून म्हणायच्या, "बाई, हे वर्ष आहे की रांगोळी? पांढरं कुठे आहे ते दाखवा, तेवढ्यात जाऊन येऊ."

पांढऱ्या चौकटींत आम्ही खूप फिरलो. ती फिरस्ती आठवली की मला अजून वास येतात. कापलेल्या भाताच्या धसकटांचा ओलसर वास. सुकत चाललेल्या चिखलाचा. करवंदीच्या पाल्याचा. कॅनव्हासचे बूट ओढ्यात भिजून उन्हात वाळले की त्यांना येणारा वास तर कुणालाच आवडणार नाही, पण मला आवडतो. साडीच्या निऱ्यांत गवताची कुसळं अडकायची. बारीक, टोकदार, सुईसारखी. सोमवारी वर्गात फळ्याकडे वळलं की घोट्याला टोचायची आणि शनिवारचा डोंगर आठवायचा.

आता भागीचं सांगते.

भागीरथी पेठपाड्याची. पेठपाडा म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याचं गाव, त्याच्या डोक्यावर सह्याद्री उभा. बाजाराच्या दिवशी ती कर्जतला भाजी घेऊन यायची. पावसाळ्यात कंटोळी, टाकळा अशा रानभाज्या, नंतर काकड्या. माझ्याच वयाची. तिचं माहेर वर, मावळात. सरळ रेषेत बघितलं तर सासर आणि माहेर यांच्यात एकच डोंगर. मधे एक नाळ होती, म्हणजे दोन कड्यांच्या फटीतून चढत जाणारी घळ. त्या नाळेच्या वाटेने सकाळी निघालेली बाई दुपारी आईच्या हातचं जेवायची. पेठपाड्यात वरून आलेल्या काही सुना होत्या. दर दिवाळीला त्या भाऊबिजेला त्या वाटेने वर जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत. हातात विळा घ्यायचा, वाढलेलं गवत छाटत जायचं. वर्षाची ती वाट त्याच पाडत. दुसरं कुणी त्या वाटेने फारसं जात नव्हतं.

एका वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला आणि कुणालाच जाता आलं नाही. पुढच्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाला, वाट सुरू होते तिथे, कुठल्याशा कचेरीने पाटी ठोकली. 'दरड कोसळल्यामुळे वाट बंद.' तीही दिवाळी गेली. आणि तिसऱ्या वर्षी, नवरात्रात, भागी माझ्या ओट्यावर टोपली उतरवून बसली आणि काकड्या काढायचं सोडून नुसतीच बसून राहिली.

"काय गं, बरं नाही का?"

"बरी हाय, बाय."

"मग?"

"सासू म्हनते, दोन दिवाळ्या नाय गेलीस. तिसरी चुकली की माह्यार सुटलं. मंग पावनी म्हनून जायचं, लेक म्हनून नाय."

हा नियम मी ऐकला नव्हता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण भागीच्या चेहऱ्यावर तो सरकारी कायद्याहून पक्का दिसत होता. मी म्हटलं, "अगं, मग रेल्वेने जा. कर्जतहून लोणावळा, पुढे एसटी."

"यष्टी फुडं जात नाय. चिकल सुकल्याबिगर सोडत नाईत. लोनावळ्यापास्नं चालत गेली तरी जायाला दोन दिस, यायाला दोन दिस. ऐन कापनीत चार दिस कोन सोडल? वाटंनं गेली तं दोन दिसांत मागारी येते." तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "आयला आता डोळ्यांनी दिसत नाय. निरोप धाडते, भागी आली का, म्हनून."

त्या दिवशी मी काकड्या घेतल्या आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या रंगांत दरडीसाठी रंगच नव्हता. पावसाने वाट बंद झाली तर पाऊस जातो, गवताने झाली तर गवत कापतात. दरड पडली तर काय करायचं? कुसुमताई म्हणाल्या, "आधी दरड किती मोठी आहे ते विचारा. घर बघितल्याशिवाय आपण भाडं ठरवतो का?"

जंगलाची राखण करणारा गार्ड आम्हाला दोन दिवसांनी स्टेशनवर भेटला. इथलाच माणूस, खाकी सदरा, तोंडात पान. मी विचारलं, नाळेच्या वाटेवर दरड कुठे कोसळली आहे?

"दरड?" तो म्हणाला. "कंची दरड?"

"अहो, पाटीवर लिहिलंय."

"पाटी हापिसानं लावली. मी सायबाला येवडंच सांगितलं, की वाट मोडली."

"मोडली म्हणजे कोसळलीच ना?"

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "बाई, मोडली म्हंजी चालली नाय कोनी. लोक चालायचे र्‍हायले की वाट मोडते. गवात येतं, कारवी येती. ढासळली आसं कंदी म्हनलो मी?"

कुसुमताई फलाटावरच्या बाकड्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहेब घाटावरचा होता की मुंबईचा, ते मला आजही माहीत नाही. पण त्याच्या भाषेत मोडतं ते तुटतं, आणि डोंगरातली वाट तुटते ती दरडीनेच. त्याने एका क्रियापदावर दरड रचली. लोक चालले नाहीत म्हणून वाट मोडली, मोडली म्हणून पाटी लागली, आणि पाटी लागली म्हणून लोक चालले नाहीत. माझा जन्म व्याकरण शिकवण्यात गेला, पण एका क्रियापदाने एवढा डोंगर बंद केल्याचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

"मग आम्ही जाऊ का?" मी विचारलं.

"पाटी हाय तंवर मी जा म्हननार नाय," गार्ड म्हणाला, आणि पानाची पिंक टाकून पुढे म्हणाला, "आन पाडव्याला माजी सुट्टी हाय."

भागीला घेऊन जायचा दिवस ठरला. पाडव्याला चढायचं, भाऊबीज वर करायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरायचं. पेन्सिलीने मी सगळं तपासलं. ओढे घोट्याएवढे झाले असणार. शाळेला सुट्टी. आजोबांना रजा, तुमच्या बाबांना ते सांभाळणार. एकच अडचण राहिली, ती म्हणजे हिरवा रंग. नाळेखालचं अख्खं कुरण एका गवतवाल्या शेठचं होतं, कापणीला अजून आठवडा होता, आणि दिवाळी काही आठवडाभर थांबणार नव्हती.

शेठची गवताची वखार स्टेशनजवळ होती. भागीला घेऊन आम्ही तिघी गेलो. तो म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही माझं गवत तुडवणार. तुडवलेलं गवत घोडासुद्धा खात नाही."

मी माझं भाषण तयार करून नेलं होतं. ते सुरू करायच्या आत भागी म्हणाली, "शेट, तुडवनार कोन? आमी कापीत जानार. एका मानसाच्या रुंदीचं. पेंढ्या बांधून वाटंच्या कडंला ठेवू. तुमी निसत्या उचला."

शेठने जरा विचार केला. "आणि मजुरी?"

"मजुरी कसली?" कुसुमताई म्हणाल्या. "बहिणी भावाकडे चालल्या आहेत. तुम्ही वाट दिलीत एवढं पुष्कळ."

त्याने हसून हात जोडले. "मग माझी विडी-काडीची अट. रानात चूल पेटवायची नाही."

"आम्ही विडी सोडली," कुसुमताई गंभीरपणे म्हणाल्या.

पाडव्याची सकाळ मला कालच्यासारखी दिसते. पेठपाड्याच्या खाली पिकलेलं भात, त्यावर दव, आणि बांधावरून एकामागे एक चाललेल्या आम्ही तिघी. भागीने कपाळभर कुंकू लावलं होतं. डोक्यावर टोपली, टोपलीत आईसाठी नवं लुगडं आणि पोह्यांचं गाठोडं. सासू अंगणातच उभी होती. तिचं मन वाईट नव्हतं, तिला फक्त कापायचं राहिलेलं भात दिसत होतं. "परवा सांजंला विळा माज्या हातात पायजे," ती म्हणाली.

"देते," भागी म्हणाली.

गावाबाहेर पाटीपाशी आलो तर तिथे आणखी दोघी बसलेल्या. वरच्याच गावांतून आलेल्या सुना. हातात विळे, कमरेला पदर खोचलेले.

"भागे, चोरून चाललीस व्हय गं?"

"तुमाला कोनी सांगितलं?"

"तुज्या सासूनंच. सगळ्या गावाला सांगत फिरती, शाळंच्या बाया इकडं मराया चालल्यात म्हनून."

आता आम्ही पाच जणी झालो. भागीने पहिला विळा घातला. गवत कापताना जो आवाज होतो, खसकन आणि मग एक उसासा, तो पाच विळ्यांचा एकदम व्हायला लागला. दोन विळे आम्हा मास्तरणींना दिले होते. कुसुमताईंनी पहिल्या घावातच स्वतःच्या साडीचा काठ कापला. भागी म्हणाली, "ताय, गवात कापा, लुगडं नगं." पण थोड्या वेळाने आमचाही हात बसला. मग आळीपाळीने एक जण कापी, दुसरी पेंढी बांधी, तिसरी कडेला ठेवी. मागे वळून बघितलं की तांबूस कुरणात एक पिवळी रेघ उमटत वर येताना दिसे, तिच्या कडेने पेंढ्या रांगेत उभ्या. आयुष्यात मी बऱ्याच रेघा आखल्या. ही त्यांच्याइतकी सरळ नव्हती, पण एवढी देखणी त्यांतली कुठलीच नव्हती.

कुरण संपून रान लागलं. तिथे सावली, ओल, आणि कारवीच्या झुडपांच्या काठ्या वाटेवर आडव्या. त्या बाजूला करत गेलो. मग नाळ. दोन्ही अंगांना काळा कातळ, मधे धोंडे, धोंड्यांखालून कुठेतरी पाण्याचा गुळगुळ आवाज. इथे माझं मन शंका काढू लागलं. गार्डचा शब्द खरा धरून आपण आलो, पण साहेबाची दरड खरी निघाली तर? एक वळण आलं आणि समोर घरापेक्षा मोठा धोंडा आडवा.

"हीच का ती दरड?" मी विचारलं.

भागीने मागे वळून बघितलं. "ह्यो? ह्यो माज्या लग्नाच्या आदीपास्नं हितंच हाय. लग्नात खाली उतारताना ह्याच्यावर बसून मी रडली हुती." ती धोंड्याला हात लावून त्याच्या बगलेतून निघून गेली. तिथे उंबराची मुळं शिडीसारखी कातळाला धरून होती. कुसुमताईंना आम्ही खालून ढकललं आणि वरून ओढलं. मधल्यामध्ये त्या म्हणाल्या, "माझा फोटो काढू नका हो कुणी." आमच्यापैकी कुणाकडेही कॅमेरा नव्हता.

वाट कुठेच कोसळलेली नव्हती. पायऱ्यांसारखे दगड आपापल्या जागी होते, त्यांवर शेवाळ होतं, एवढंच. चालायला कुणी आलं नव्हतं, म्हणून ते तसेच थांबले होते.

नाळेच्या तोंडाशी वारा एकदम अंगावर आला. माथ्यावर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली. मागे वळलो तर सगळं कोकण पायाशी. भाताची पिवळी खाचरं, नदीचं वळण, लांब खोपोलीकडचा धूर, आणि इतक्या उंचीवरून खेळण्यासारखी दिसणारी आगगाडी. पुढे मावळ. डोंगर चढून गेल्यावर जे वाटतं त्याला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत आणि मराठीतही आहेत, पण त्या वेळी मला एकही आठवला नाही.

भागीला हे काही बघायचं नव्हतं. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कुकारा दिला. कुकारा म्हणजे डोंगरातल्या माणसांची हाक. त्यात शब्द नसतात, एक लांब चढता सूर असतो. तो कड्यांवरून फिरून परत आला. तिने पुन्हा दिला. खालच्या शेतांतून, कुठून ते दिसलं नाही, उत्तराचा कुकारा आला.

"दादा हाय," भागी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता. "कापनी सोडून पळल बगा आता."

तो खरोखरच पळत आला. धापा टाकत, हातात विळा तसाच. बहिणीसमोर उभा राहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "दोन वर्सं कुटं मेलतीस गं?"

"वाट मोडली हुती ना रं."

"मंग आता?"

भागीने मागे बोट केलं. आमच्या पाच जणींच्या पायांनी चिरडलेलं गवत नाळेच्या तोंडापर्यंत दिसत होतं. "आता चालती केली," ती म्हणाली.

बाकीच्या दोघी आपापल्या माहेरी वळल्या. भागीची आई ओसरीवर बसली होती. तिने भागीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, नाक, कानातली फुलं. मग म्हणाली, "वाळली गं." आणि लगेच चुलीकडे वळून ओरडली, "तांदूळ जादा टाका." त्या रात्री दोघी एकाच वाकळेत झोपल्या. दुसऱ्या दिवशी भाऊबिजेला भागीने भावाला ओवाळलं, आणि कुसुमताईंनाही त्याने पाटासमोर बसवलं. "तुमी बी ओवाळा. तुमच्याबिगर ही आली नसती." कुसुमताईंना भाऊ नव्हता. त्यांनी ताम्हन हातात घेतलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. ओवाळणीत त्यांना मांडीएवढी काकडी मिळाली, ती त्यांनी स्वतः डोंगर उतरून आणली, कुणाच्या हातात दिली नाही.

उतरताना वाट सोपी होती. आपणच पाडलेली वाट पायाला ओळखीची वाटते. कुरणात शेठचे मजूर पेंढ्या उचलत होते. ठरल्या संध्याकाळी भागीने विळा सासूच्या हातात ठेवला. सासूने धार बघितली आणि म्हणाली, "बोथाट केलास." मग जरा थांबून, "तुजी आय कशी हाय?"

पाटी पुढच्या पावसाळ्यात पडली. कुणी ती परत लावली नाही. मी कॅलेंडरवर पाडव्याची चौकट त्या वर्षापासून कधीच रंगवली नाही, ती पांढरीच ठेवली. पुढची बरीच वर्षं आम्ही त्या दिवशी नाळ चढलो, गुडघे नाही म्हणेपर्यंत.

तुम्ही तुमच्या बर्फाच्या रस्त्याची वाट बघा, आधी नीट विचारपूस करा, परवानग्या काढा. माझी त्याला हरकत नाही, ते मीच शिकवलं असतं. फक्त 'बंद' लिहिलेलं दिसलं की एकदा कुणाला तरी विचारा, कशाने?

कुसुमताई गेल्या. भागीची आई गेली, भाऊ गेला, चार वर्षांपूर्वी भागीही गेली. पेठपाड्याला आता डांबरी रस्ता आहे आणि फरशीच्या जागी उंच पूल. पण भागीने आपली मुलगी वर मावळात दिली होती. त्या मुलीचा भाऊ खाली पेठपाड्यात असतो. ती दर भाऊबिजेला विळा घेऊन नाळेने खाली उतरते. गेल्या दिवाळीलाही उतरली. वाट चालती आहे.

तुमची,
आजी